तिचे मोठे दिवे

माझ्या मैत्रिणीला तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वाढदिवसाला दोन मोठे दिवे आणून दिले. त्या दिवशी मी तिच्या घरी पोटभर जेवले, दिव्यांचं तोंड भरून कौतुक केलं, आणि घरी येऊन भांडी अशी आदळली की नवऱ्याने आतून विचारलं, "गॅस संपला का?"

दिवे म्हणजे फोटोचे. बॅटरीवर चालणारे, भरभक्कम, आणि प्रत्येकाच्या तोंडाला पांढऱ्या पडद्याचा एक भलामोठा डबा. त्याला सॉफ्टबॉक्स म्हणतात. तो उघडून उभा केला तर आमच्या न्हाणीघराच्या दारातून आत जाणार नाही. बटण दाबलं की अख्खा मांडव एका क्षणात दुपारसारखा उजळायचा, खांबाआड बसलेल्या आत्यासकट. मी ते पाहिलं आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे दोन वर्षं दुखतच राहिलं.

आम्ही दोघी भिवंडीच्याच. फोटोग्राफी एकाच क्लासला शिकलो, आणि सुरुवातीला दोघींत मिळून एक जुना कॅमेरा, एक फ्लॅश आणि तिची स्कूटी एवढाच संसार होता. कामं मिळायची ती निजामपुऱ्यातल्या लग्नघरांतून. तिथे बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून आम्हाला बोलावणं. अरुंद जिना, वर एक खोली, खोलीत खच्चून बायका, आणि उजेडाला एक ट्यूब. खालचे लूम, म्हणजे यंत्रमाग, सुरू झाले की तीही मान टाकायची. आम्ही भिंतीवर फ्लॅश मारून उजेड परतवायचो. भिंत हिरवी असली की नवरीही हिरवी यायची. तेव्हा आम्ही दोघी सारख्याच गरीब होतो आणि माझं तिच्यावर फार प्रेम होतं.

मग तिचं लग्न जवळच्याच पूर्णे गावात झालं. सासरच्यांची खाडीकडची भातशेती गोडाऊनखाली गेली होती आणि आता दर महिन्याला भाडं येत होतं. माझं लग्न झालं दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघणाऱ्या माणसाशी. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांना नोकरदार जावई हवा होता, तो मिळाला. तिची कामं गावाकडची झाली, माझी शहरातली राहिली. भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, हेवा करायला निदान काही कारण मिळालं असतं. ती मात्र आधी होती तशीच. फोनवर तासभर बोलायची, मी आजारी पडले तर डबा घेऊन यायची. तिचा हा चांगुलपणा मला सगळ्यात जास्त खुपायचा.

मलाही दिवे घ्यायचेच होते. नुसत्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने काढलेले फोटो लोक आता घेत नाहीत, कारण तसे तर मोबाईलवरही निघतात. मी घ्यायला निघाले तर तीच सोबत आली. मुंबईत फोर्टातल्या एका दुकानात गेलो, तिथे तिला सगळे ओळखत होते. मला विचारलंसुद्धा नाही, आणि दुकानदाराला सांगते, "भैया, इनको सादा दिखाओ, लेकिन टिकनेवाला."

सादा. मी हसून दाखवलं, पण अंगाचा तिळपापड झाला होता.

दुकानदाराने एकेक काढलं. एलईडीचे पॅनल होते, दिसायला छान. पण त्यांच्या उजेडात मांडवातलं एक माणूस उजळायचं तर पॅनल त्याच्या नाकाशी न्यावा लागतो, आणि समोरचा डोळे बारीक करून बसतो. प्लगवर चालणारा स्टुडिओचा संच सगळ्यात स्वस्त होता. पण आमच्याकडे मांडवात वीज जनरेटरची, डीजेने एक ठेका वाढवला की दिव्याचा जीव खालीवर. शिवाय त्याचे काचेचे बल्ब रिक्षातून निजामपुऱ्याच्या खड्ड्यांतून न्यायचे म्हणजे घरी पोचेपर्यंत पिशवीत काचाच. मग त्याने एक बॅटरीवाला दिवा दाखवला. तिच्या दिव्यांचाच धाकटा भाऊ. हप्त्यांवर झेपला असता. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि तो हात मला उचलवेना.

ती म्हणाली, "नको गं तो. दोन साधे फ्लॅश घे, सेलवर चालणारे. उजेड पसरवायला एक पांढरी छत्री घे. आणि स्टँड मात्र जड घे, तिथे काटकसर करू नकोस, मांडवात लोक धडकतात. बाकी काही लागत नाही."

आजही दुसऱ्या कुणी विचारलं तर मी अगदी हेच सांगेन. सल्ला बरोबरच होता. दोन्ही फ्लॅश एका पिशवीत मावतात, सेल कुठल्याही पानाच्या टपरीवर मिळतात, आणि एक बिघडला तर दुसऱ्यावर काम निभावतं. पण त्या वेळी मला एवढंच ऐकू आलं की, स्वतःला मोठे दिवे लागतात आणि मला काही लागत नाही. मी तिच्या पायरीवर चढू नये म्हणून ही मला साधं घ्यायला लावते आहे, अशी माझी खात्रीच झाली. तरी घेतलं तेच. हातात पैसे तेवढेच होते, आणि हप्ते अंगावर घ्यायचं धाडस नव्हतं.

त्या सामानात एक ट्रिगर होता. ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची काड्यापेटीएवढी काळी डबी. फोटोचं बटण दाबलं की ती लांबच्या दिव्याला इशारा देते आणि तो लखलखतो. तिची डबी आणि माझी डबी हुबेहूब सारख्या, फक्त तिची तिच्या दिव्यांशी जुळवलेली, माझी माझ्या. दसऱ्याला आम्ही सगळ्या सामानाची पूजा एकत्र करतो, अजूनही, तिच्याकडे. त्या वर्षापासून पूजेत ओळखायची खूण म्हणून तिच्या डबीला हळदीचं बोट लावायचो, माझ्या डबीला कुंकवाचं.

छत्रीचा उजेड मला कडक वाटायचा, म्हणून ओळखीच्या लूमवाल्याकडून कोऱ्या कापडाचा तुकडा आणून छत्रीच्या तोंडावर शिवला. कोरं कापड म्हणजे न धुतलेलं, मागावरून उतरलेलं, किंचित पिवळट. उजेड मऊ झाला खरा, पण निम्मा उरला. आता छत्रीखाली जेमतेम एक माणूस मावायचं. मी दहा माणसांचा ग्रुप घेऊन छत्रीसमोर उभी राहायची आणि कडेची माणसं अंधारात गेली की मनातल्या मनात मैत्रिणीच्या नावाने बोटं मोडायची. तिच्याकडे आहेत तसे दिवे माझ्याकडे असते तर. दोन वर्षं मी हे एकच वाक्य घोळवत होते, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याचा मला आधार होता. ती गावात नावाजली जात होती ती दिव्यांमुळे. नजर माझी चांगली, दिवे तिचे चांगले. एवढाच काय तो फरक, असं मी स्वतःला सांगत होते.

मग पूर्ण्यातल्या एका घरचं लग्न निघालं. मुलाची आई माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे तिने मला बोलावलं. पण माझी मैत्रीण त्यांच्याच भावकीतली सून, तिला वगळून कसं चालेल? त्या बाईंनी दोघींना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि निकाल सांगितला.

"तू सरांची पोर, ही आमची सून. मना कुनाला न्हाय म्हनवत न्हाय. शुक्रवारची हलद दोघींनी काढा. जिचं फोटू आवडतील ती रविवारी लग्नाला."

"चालेल, काकी," मैत्रीण म्हणाली.

"मना त्या मशिनीतला काय कलत न्हाय. पन फोटूमधी मानूस वलखू आला पायजे."

मोठ्या घरचं लग्न, निम्मं गाव येणार. ते काम हाती आलं तर पूर्ण्यातली पुढची कामंही माझ्याकडे येतील, हे मला दिसत होतं. पण खरं सांगते, कामापेक्षाही मला तिला हरवायचं होतं. तिच्या गावात, तिच्या माणसांसमोर, माझ्या साध्या दिव्यांनी.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी मांडवात पोचलो. छत गुलाबी कापडाचं, म्हणजे वर फ्लॅश मारून उजेड परतवायची सोय नाही, नवरदेव गुलाबी होणार. तिने आपले दोन दिवे दोन कोपऱ्यांत उंच उभे केले आणि सगळा मांडव कवेत घेतला. मी माझी छत्री पाटाच्या अगदी बाजूला लावली, कारण लांबून तिचा उजेड पोचलाच नसता. लोकांची नजर सॉफ्टबॉक्सवर. एक म्हातारे गृहस्थ माझ्या छत्रीकडे बघून म्हणाले, "पाऊस येनार हाय का काय?" सगळे हसले. मीही हसले, दात आवळून.

आमच्याकडच्या हळदीत फोटोवालीलाही सोडत नाहीत. घरच्या बायकांची पहिली फेरी झाली तशा करवल्या आमच्यावर तुटून पडल्या. गाल, हात, कोपर, कॅमेरा, सगळं पिवळं. आम्ही दोघी ओट्यावर जाऊन ट्रिगर काढून ठेवले आणि ओल्या फडक्याने कॅमेरे पुसायला लागलो. तेवढ्यात हाक आली, धवलारीण बसली. आगरी लग्नात धवलारीण म्हणजे सगळे विधी गाण्यातून पुढे नेणारी बाई. तिचं गाणं सुरू झालं की घरच्या मोठ्यांनाही मध्ये बोलायची मुभा नसते, फोटोवालीला तर अजिबातच नाही. आम्ही समोर दिसल्या त्या डब्या कॅमेऱ्यावर बसवल्या आणि पळालो.

ती पाटाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. मध्ये नवरदेव, रांगोळीचा चौक आणि बायकांची दाटी. मी पहिला फोटो काढला तर माझी छत्री ढिम्म, आणि कोपऱ्यातले दोन्ही मोठे दिवे लखलखले. मला वाटलं, तिनेही त्याच क्षणी बटण दाबलं असेल. पुन्हा काढला. पुन्हा तिचेच दिवे. पलीकडे तिने बटण दाबलं तर माझी छत्री पेटली. तिने छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कॅमेरा वर करून डबी दाखवली. दोन्ही डब्या नखशिखांत हळदीने माखलेल्या, कुंकवाचं बोट त्या हळदीखाली कधीच दडून गेलेलं. मला तिची मिळाली होती, तिला माझी.

बदलायचं तर चौक ओलांडावा लागला असता आणि धवलारीण गात होती. मैत्रीण हसली, तिने मान हलवली. राहू दे, चालव, अशी खूण केली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दोन वर्षं ज्यांच्यासाठी जळत होते ते दिवे देवाने माझ्या बोटाखाली आणून ठेवले होते, आणि तिच्या हाती माझी पावसाळी छत्री. आता कळेल हिला, असं मी अगदी शब्दाशब्दात मनात म्हणाले. धवलारीण गात होती आणि मी मांडव उजळत होते. सगळ्या काक्या, सगळ्या आत्या, तोरण, चौक, नवरदेव, मागचे पाहुणे, एकही चेहरा अंधारात जाऊ दिला नाही. ती पलीकडे कमी फोटो काढत होती. मधूनच बटण दाबायची, बाकी वेळ छत्रीखाली गुडघ्यावर बसून राहायची. बिचारी, मला वाटलं. हे मी खरंच मनात म्हटलं, बिचारी.

शनिवारी सकाळी मुलाच्या घरच्या मोठ्या टीव्हीवर दोघींचे फोटो लागले. एकाच पेनड्राइव्हवर, सरमिसळ. कुठला कुणाचा ते फक्त आम्हा दोघींना माहीत. माझे फोटो यायचे तेव्हा घरचे नावं घ्यायचे, "ही बघ मामी, हा बघ तुजा बापूस." स्वच्छ, चकचकीत, सगळे दिसताहेत. मी सुखाने चहा पीत होते.

मग तिचा एक फोटो आला.

मुलाची आई त्याला हळद लावत होती. कानामागे हळद लावता लावता तिने सवयीने अंगठ्याने कानामागचा मळ काढल्यासारखं चोळलं होतं, लहानपणी अंघोळ घालताना चोळायची तसं. आणि तो तिशीचा मुलगा, मान तिरकी करून, डोळे घट्ट मिटून, खांदा वर उचलून बसला होता. फोटोत बाकी काही नव्हतं. अंगठा, कान, आईचं तोंड, आणि माझ्या छत्रीचा तो कोऱ्या कापडातून आलेला पिवळट मऊ उजेड. मागचा मांडव काळोखात.

"हा कवा काढलास गो?" मुलाची आई हळूच म्हणाली. कुणाला म्हणाली तेही तिला माहीत नव्हतं. मग तिने पदर तोंडाला लावला.

हा क्षण माझ्याकडेही होता. पुढच्याच फोटोत होता, मोठ्या दिव्यांच्या उजेडात काढलेला. बायकांच्या त्या सगळ्या गर्दीत तो अंगठा शोधावा लागत होता. मी बटण दाबलं तेव्हा तो मला दिसलाच नव्हता. मी कडेची आत्या अंधारात तर जात नाही ना, हे बघत होते.

तिचा पुढचा फोटो आला, त्याच्या पुढचा आला. मी त्यात खोट शोधत होते. जीव तोडून शोधत होते. उजेड कमी आहे, एक बाजू काळी आहे, असं म्हणायला तोंड उघडणार होते, पण तो उजेड माझाच होता. मग म्हटलं, छत्री माझी, तिच्यामुळे आले हे फोटो. तेही टिकेना, कारण ती छत्री माझ्याकडे दोन वर्षं होती. दोन वर्षं मी त्या छत्रीपासून दूर उभी राहून तिला शिव्या देत होते. मैत्रिणीला ती एक तास मिळाली आणि ती जाऊन छत्रीखाली बसली.

काकींनी निवडले ते जवळपास सगळे फोटो तिचे निघाले. माझ्याबद्दल वाईट वाटून त्यांनी माझ्या हातात साडी ठेवली, "सरांना सांग, तुजी पोर बी चांगली काढते." त्या 'बी'ने मला जे लागलं ते इथे लिहून उपयोग नाही.

निघताना मैत्रीण फाटकापर्यंत आली. तिला जिंकल्याचं काही वाटत नव्हतं, ती नुसती खूश होती.

"ऐक ना, उद्या लग्नाला मला तुझी छत्री दे. काय सुंदर आहे गं ती. उजेड लांब जातच नाही, म्हणून जवळ जावं लागतं. मला तेच पाहिजे असतं."

"घे की," मी म्हटलं.

"आणि तोवर माझे दिवे तू ने. यांनी हौसेने आणले म्हणून मी नेते, झालं. ठेव तुझ्याकडे, पाहिजे तितके दिवस."

तिने स्वतः ते रिक्षात चढवले. सॉफ्टबॉक्सच्या घड्या पायाशी, दोन्ही दिवे माझ्या मांडीवर. रिक्षा निघाली. माझ्या मनातलं ते वाक्य, तिच्याकडे आहेत तसे दिवे माझ्याकडे असते तर, मला पूर्ण करता येईना. दिव्यांचा हेवा करणं सोपं होतं. दुकानात जाऊन, हप्ते फेडून तो कधीतरी संपला असता. आता मला तिच्या डोळ्यांचा हेवा वाटत होता आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नव्हते.

घरी नवऱ्याने दार उघडलं. दोन वर्षं त्याने या दिव्यांबद्दल रोज ऐकलं होतं. त्याने ते माझ्या हातातून घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि मनापासून खूश झाला.

"अरे वा, दिले तिने? आता झालं ना तुझ्या मनासारखं?"

"सहज दिले," मी म्हटलं. "तिला ते लागतच नाहीत."

"मग बरंच आहे की," तो म्हणाला, आणि ते ठेवायला कपाटावर जागा करायला लागला.